सात रेघांचं नाव

मला चिनी अक्षरं आधी आली आणि मराठी फार मागाहून. हे सांगितलं की लोक हसतात. माझा धाकटा नातू तर शाळेतल्या मित्रांना घरी घेऊन येतो आणि आमच्या आजीला चिनी येतं म्हणून मला पुढं करतो. चिनी काही मला येत नाही. मला तेवीस अक्षरं काढता येतात, त्यांतली निम्मीशिम्मी औषधी मुळ्यांची नावं आहेत, आणि उच्चार म्हणाल तर दोन-तीनच ठाऊक आहेत, तेही खरे की खोटे देव जाणे. पण ती तेवीस अक्षरं रेघेमागून रेघ, ज्या क्रमानं काढायची त्याच क्रमानं, मी आजही डोळे मिटून काढीन. हात थरथरतो, त्याला इलाज नाही.

शिकवलं ते तात्यांनी. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे, दादांचे थोरले भाऊ. आमचं गाव उमापूरपासून दोन कोसांवर, मोगलाईतलं, म्हणजे निजामाच्या राज्यातलं. तिथला माणूस फार लांब गेला तर बीडला, कोर्टकचेरी लागलीच तर औरंगाबादला. तात्या तरुणपणी आजोबांशी भांडून औरंगाबादच्या छावणीत गेले आणि इंग्रजांच्या पलटणीत खेचरांना दाणावैरण करायच्या कामाला लागले. ती पलटण एक दिवस बोटीत चढली आणि खेचरांबरोबर तात्याही चढले. उतरले ते चीनमध्ये. पुढं पलटण परतली तेव्हा तात्या तापानं फणफणून पडले होते, ते मागंच राहिले. जडीबुटी विकणाऱ्या एका चिनी दुकानदारानं त्यांना ठेवून घेतलं. त्या दुकानात भिंतभर कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्यावर आतल्या मुळीचं नाव. मालकानं तात्यांना ती नावं वाचायला शिकवली, मग लिहायला. तात्यांचं नाव काही त्याला घेता येईना, म्हणून ह्या शेतकऱ्याच्या पोराचं नाव त्यानं ठेवलं शेत. चौकोन आणि त्यात चार वाफे, असं ते अक्षर आहे.

इकडं घरात तात्यांची बायको होती. तिला आम्ही सगळी पोरं मोठीमाय म्हणायचो. तात्या गेले तेव्हा ती नुकती नांदायला आलेली. पहिली दोन वर्षं गाव म्हणालं येईल, मग म्हणालं आता कसला येतो, आणि पुढं गावानं तिच्या कपाळाकडं बघून कुजबुजायला सुरुवात केली. तिच्या सख्ख्या आईनं सांगितलं की आता पूस. मोठीमायनं पुसलं नाही. ती हळकुंडं टाकणखार आणि लिंबाच्या रसात मुरवून, उन्हात वाळवून घरीच कुंकू करायची, आणि त्या वर्षांत ती ते पहिल्यापेक्षा मोठं लावायला लागली असं माझी माय सांगायची. सात वर्षांनी आजोबा अंथरुणाला खिळल्याचा निरोप कसाबसा तात्यांपर्यंत पोचला आणि तात्या दारात येऊन उभे राहिले. मोठीमायच्या मनात तेव्हापासून एक गोष्ट पक्की बसली, की ह्या माणसाला चीनवरून कुणी आणलं असेल तर तिच्या कुंकवानं.

तात्या तिकडं काय ठेवून आले होते ते पुढं बारा-तेरा वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं. मग एका सकाळी विहिरीवर त्यांचं उजवं अंग गेलं. जीभ थोडी वळायची, डावा हात चालायचा, उजवा हात मांडीवर टाकलेल्या पंच्यासारखा पडून असायचा. त्या दुखण्यात त्यांनी मोठीमायला सांगून टाकलं. तिकडं एक बाई होती. तिच्यापासून एक मुलगी, ते निघाले तेव्हा तीन वर्षांची. सहा महिन्यांत येतो म्हणून निघाले होते. निघताना मालकाचे पाय धरून एकच मागितलं होतं, की पोरीला अक्षरं शिकवा. ते परत का गेले नाहीत याचं कारण मी नंतर त्यांना पुष्कळदा विचारलं. दर वेळी वेगळं सांगायचे. कधी आजोबांचं आजारपण, कधी गावात आलेली साथ, कधी शेत. मोठीमायचं नाव मात्र त्यांनी कारण म्हणून कधी घेतलं नाही, आणि मला वाटतं खरं कारण तेच असावं.

मोठीमाय दोन दिवस जेवली नाही. जात्यावर बसायची आणि न गाता दळायची, नुसती घरघर ऐकू यायची. तिच्या पोटी मूल नव्हतं, हे इथं सांगायला हवं. तिसऱ्या दिवशी तिनं भाकरी थापल्या, येसराची आमटी केली, तात्यांना डाव्या हातानं जेवता येईना म्हणून भाकरी कुस्करून दिली आणि विचारलं, "नाव काय पोरीचं?" तात्या म्हणाले, त्याचा अर्थ धाकटा चंद्र असा होतो. त्या दिवसापासून ती पोर मोठीमायच्या आणि आमच्या बोलण्यात "आपली चंद्री" झाली.

तात्यांना मरणाआधी तिला एक पत्र पाठवायचं होतं. ती जिवंत आहे का, आणि असली तर बाप तिला विसरला नाही हे तिला कळावं, एवढंच. पण लिहिणारा हात मेलेला. डाव्या हातानं ते लिहीनात. वेडंवाकडं अक्षर गेलं तर पोरीला वाटेल कुणीतरी अडाणी माणूस बापाचं नाव घेऊन लिहितोय, असं म्हणायचे. घरातल्या मुलग्यांना मोट, गुरं, राखण अशी कामं होती. मी अकरा-बारा वर्षांची, लग्न ठरलेलं, तेव्हा माझ्याकडून घरकामाखेरीज कुणाला काही नको होतं. मुलीला मराठी अक्षर शिकवायचं म्हटलं असतं तर आजीनं, तात्यांच्या आईनं, घर डोक्यावर घेतलं असतं. हे चिनी म्हणजे तिच्या लेखी रांगोळीच होती, तेव्हा तिनं खुशाल परवानगी दिली.

आमची शाळा भरायची धुण्याच्या दगडावर. तात्यांच्या ट्रंकेत शेळीच्या केसांचा एक कुंचला होता, शाईची बोटभर वडी होती आणि पातळ कागदाची पंधरा-वीस पानं होती. शाई आणि कागद शेवटच्या दिवसासाठी राखायचे होते, म्हणून सराव पाण्यानं. काळ्या दगडावर ओल्या कुंचल्यानं अक्षर काढायचं, ते उन्हात सुकून जायचं, मग पुन्हा. तात्या लिंबाच्या सावलीत बाजेवर बसलेले. आमच्याकडं सगळं उभं-आडवं चालतं, शेताला पाळीसुद्धा आधी उभी, मग आडवी. तिकडं उलटं, आधी आडवी रेघ मग उभी. आधी वरचं मग खालचं. आधी डावं मग उजवं. मधे उभी रेघ नि दोन्हीकडं थेंब असले तर मधली आधी. आणि चौकट असली की तिची खालची रेघ सगळ्यांत शेवटी. मी पहिल्या दिवशी शेताचा चौकोन पुरा केला आणि मग आत वाफे पाडायला लागले. तात्या बाजेवरून म्हणाले, "दार लावून बसलीस व्हय गं? आता मानसं कुठून जातील आत?"

मला वाटायचं, अक्षर दिसायला बरोबर आलं की झालं, कुठली रेघ आधी काढली हे कुणाला कळतंय. म्हणून मी तात्यांची पाठ वळली की सोयीनं काढायची. पण चैत्राचं ऊन होतं, आणि जी रेघ आधी काढली ती आधी सुकायची. तात्या मान वळवून दगडाकडं नुसते बघायचे आणि कुठली रेघ आधी जातेय त्यावरून माझी चोरी धरायचे. "उलटं सुकलं," एवढंच म्हणायचे. मग पुन्हा पाणी. महिनाभर मी त्या दगडावर रडत होते असं म्हटलं तरी चालेल. गुडघ्यांना घट्टे पडले. सोप्यातून माय हाका मारायची, चुलीवर आंबाडीची भाजी करपायची, बोलणी मी खायची. पण एके दिवशी अक्षर सुकत असताना तात्या काहीच बोलले नाहीत. मी वर बघितलं तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायला चालता डावा हातही ते उचलत नव्हते.

आता मला वाटतं, त्या दिवसांत तात्यांना मी दिसतच नसेन. पाठमोरी, दोन वेण्या, दगडावर वाकलेली मुलगी. त्यांना दुसरंच कुणीतरी दिसत असणार. याचा मला तेव्हा राग येत नव्हता, आता थोडा येतो.

पत्रात लिहायचं काय, याचीही पंचाईत होती. तात्यांना बोलायला पुष्कळ येत होतं, लिहायला येत होतं ते कप्प्यांवरचं. सुंठ, ज्येष्ठमध, मोठं, लहान, पाऊस, माणूस. वर मालकानं शिकवलेली दोन-चार. त्यातून तात्यांनी तीन ओळी जुळवल्या. वर तिचं नाव, सात रेघांचं. मधे दोन अक्षरं, बाप आहे. खाली सहीला शेत. एवढंच. दादांच्या कापसाच्या गाड्या नगरला, इंग्रजी मुलखात जायच्या होत्या. तात्यांनी तिकडून आणलेल्या औषधाच्या डबीवर दुकानाचा इंग्रजी पत्ता होता, तो तिथल्या पोस्टातला बाबू उतरवून देणार होता, आणि उत्तर आलं तर ते दादांच्या नगरच्या अडत्याकडं यायचं होतं. गाड्या निघायच्या आदल्या दिवशी मी देवाच्या सहाणेवर शाई उगाळली. आजीनं तोंड फिरवलं, पण अडवलं नाही. मी पाच पानं लिहिली. तात्यांनी त्यातलं एक निवडलं, उन्हाकडं धरून बघितलं आणि समाधान पावले. मग गडी त्यांना तेल चोळायला आत घेऊन गेला.

मोठीमाय इतका वेळ उंबऱ्यात बसून बघत होती. ती जवळ आली. म्हणाली, "गंगे, हे तर सगळं काळंच हाय."

मी म्हटलं, शाई काळीच असते.

"कुंकवाबिगर पत्र मयताचं जातंय. माझ्या भावाच्या येळंला आलतं तसं." तिनं आपला करंडा माझ्यापुढं उघडून ठेवला. "पोरीचं नाव ह्येनं लिव्ह. तिच्या बापाला ह्येनंच आनलं हाय."

मी टिकली लावून मोकळी झाले असते तरी चाललं असतं. पण मला माझ्या हाताचा गर्व झाला होता. मी वाटीत कुंकू दाट कालवलं, कुंचला धुतला, कोरं पान घेतलं आणि सात रेघा लाल काढल्या. मधली आधी, डावा थेंब, उजवा थेंब, मग चंद्राच्या चार. इतकं सुंदर अक्षर माझ्या हातून त्याआधी आलं नव्हतं. खालच्या दोन ओळी काळ्या शाईनं लिहिल्या. तात्यांनी निवडलेलं पान मी बाजूला सारलं आणि हे पाकिटात घातलं. तात्यांना सांगितलं नाही. मोठीमायनंही सांगितलं नाही. ती त्या दिवशी कधी नव्हे ते जात्यावर दुपारची गात होती.

उत्तर यायला पुढला कापसाचा हंगाम लागला. मधे माझं लग्न झालं, नांदायला जायचं तेवढं राहिलं होतं. दादांनी गाडीतून उतरल्या उतरल्या बंडीच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं आणि तात्यांच्या मांडीवर ठेवलं. तात्यांच्यानं ते फोडवेना. मी फोडलं. आत एकच कागद, दोन घड्या घातलेला, आणि त्यावर एकच अक्षर. शेत. लाल शाईत.

तात्यांनी कागद मांडीवर पसरला आणि डाव्या बोटानं त्या अक्षरावरून रेघेमागून रेघ फिरवली. त्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळलाच, हे मी स्वतः पाहिलं आहे. म्हणाले, हे मालकाचं अक्षर नव्हं. तिच्या आईला लिहाया येत न्हाई. ही पोर हाय. रेघा बघ, दार शेवटीच लावलंय. मालकानं सबूद पाळला. आणि मग त्यांचं बोट मधेच थांबलं. मग मला म्हणाले, "गंगे, आपल्या कागदात लाल कुठं होतं का?"

मी सांगितलं. मोठ्या खुशीत सांगितलं, कारण मला वाटलं आता शाबासकी मिळणार.

तात्या रागावले नाहीत. अगदी हळू आवाजात त्यांनी मला सांगितलं की तिकडं लाल शाईनं नाव लिहिलं म्हणजे त्या माणसाशी नातं तोडलं, तो आपल्याला मेला. फाशीच्या माणसाचं नाव लाल लिहितात. मालकाच्या भावाचं एकदा तसं पत्र आलं होतं, तर मालकानं तीन दिवस दुकान उघडलं नव्हतं. "तिला वाटलं असंल, बापानं एवढ्या वर्सांनी कागद धाडला तो ह्येच सांगाया," तात्या म्हणाले. "मंग तिनंबी तेच धाडलं. तुला रेघा शिकवल्या गं. ह्ये सांगायचं ध्यानातच आलं न्हाई."

तेवढ्यात मोठीमाय चुलीपुढून उठून आली. हात पिठानं भरलेले. पाकीट आलं हे तिला दादांकडून कळलं होतं. तिनं तात्यांच्या खांद्यावरून कागद बघितला. तिला अक्षर कुठलं कळायला, पण रंग कळला. ती तशीच खाली बसली.

"बघा," ती म्हणाली. "तिनंबी कुंकवानंच लिव्हलं. पोरीला समजलं."

मी तात्यांकडं बघितलं. मला वाटलं, आता हे बोलतील आणि आता हे घर बसेल. तात्यांनी मोठीमायच्या कपाळाकडं बघितलं. "व्हय," ते म्हणाले. "समजलं तिला."

त्या दिवशी मोठीमायनं पुरण घातलं. सणवार नसताना पुरण का, म्हणून आजी कुरकुरली, तर मोठीमायनं तिला उलट विचारलं, की लेकीचं पत्र आल्यावर न्हाई तर मंग कवा घालायचं? गावात पाच घरी पोळ्या पोचवल्या. तात्यांना तिनं आपल्या हातानं भरवलं, आणि तात्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या. मला एक संपली नाही. त्यानंतर मी आयुष्यात पुष्कळ पुरण खाल्लं आणि आवडीनं खाल्लं. पण त्या दिवशी पोळी खाणाऱ्यांत मला आणि तात्यांनाच काय ते ठाऊक होतं, आणि आम्ही एकमेकांकडं बघत नव्हतो.

आम्ही पुन्हा लिहिलं. मोठीमाय रानात गेली असताना, चोरून, सगळं काळ्या शाईत. वडी संपली होती म्हणून दिव्याची काजळी बाभळीच्या डिंकात खलून शाई केली. पण लिहायचं काय? चूक झाली, असं लिहायचं तर तात्यांना चुकीचं अक्षर येत नव्हतं. माफ कर, हेही येत नव्हतं. कुंकू म्हणजे काय हे तर कुठल्याच अक्षरात सांगता आलं नसतं. मुळ्यांच्या कप्प्यांवर असलं काही लिहिलेलं नसतं. शेवटी तेच, तिचं नाव, बाप आहे, शेत. ते पत्र दादा घेऊन गेले. आणखी एक पुढच्या वर्षी मी माहेरपणाला आले तेव्हा लिहिलं. उत्तर आलं नाही. तात्या दर हंगामात गाड्यांची घुंगरं ऐकली की बाजेवर सरळ होऊन बसायचे. तिसऱ्या हंगामात गाड्या आल्या तेव्हा ते नव्हते. शेवटच्या दिवसांत बोलणं गेलं होतं, पण डावं बोट गोधडीवर फिरत असायचं. माय म्हणायची, भ्रम झालाय. मी ओळखलं. ते सात रेघा काढत होते, क्रमानं, पुन्हा पुन्हा.

तात्या गेल्यावर मोठीमायला कपाळ पुसावं लागलं. जे तिनं सात वर्षं गावाचं ऐकून केलं नव्हतं ते एका सकाळी बायकांनी करून टाकलं. करंडा मात्र तिनं फेकू दिला नाही. चंद्रीचा कागद तिनं देव्हाऱ्यात ठेवला होता, आणि रोज पूजा झाली की त्याच्या चारी कोपऱ्यांना बोटानं कुंकू लावायची. स्वतःला लावता येत नव्हतं, लेकीला लावायची. मी माहेरी गेले की मला हाताला धरून देव्हाऱ्यापुढं न्यायची आणि विचारायची, वाच बरं काय लिव्हलंय. मी वाचायची. खुशाल आहे, असं वाचायची. पुढं पुढं मी भर घालायला लागले, लग्न झालंय, मुलगा झालाय. एका अक्षरात एवढं मावतं का, असं तिनं एकदाही विचारलं नाही. वीस-बावीस वर्षं मी हे वाचलं.

माझ्या स्वतःच्या मुलीच्या लग्नात पत्रिकांना कुंकू लावायला सगळ्या बायका बसल्या तेव्हा मी चुलीकडं निघून गेले. जाऊबाईंनी त्याचा वेगळाच अर्थ घेतला आणि वर्षभर बोलल्या नाहीत. त्यांना काय सांगणार?

मोठीमाय गेल्यावर तो कागद माझ्याकडं आला. परवा नातवाच्या मित्रांना दाखवायला म्हणून पेटीतून काढला आणि मग दाखवला नाही. हळदीचं कुंकू टिकत नाही. मोठीमायनं इतकी वर्षं कोपऱ्यांना लावलेलं सगळं उडून गेलंय, नुसते पिवळट डाग राहिलेत. मी ज्या कुंकवानं त्या सात रेघा काढल्या होत्या तेही असंच उडून गेलं असेल, कुणी तो कागद ठेवला असेल तर. चंद्रीची शाई कशाची होती कोण जाणे. ती अजून तशीच लाल आहे.